कोर्ट उठेपर्यंत

माझी आत्या आरोपी क्रमांक तीन होती. आमच्या घरात हे कोणी लपवून ठेवलं नाही. शाळेत एकदा बाईंनी घरचे काय करतात असं विचारलं, तेव्हा मी उभी राहून सांगितलं की वडील वकील आहेत, आई घर बघते आणि आत्या आरोपी आहे. सगळा वर्ग हसला. मला रडू येईपर्यंत राग आला होता. कापसाला भाव मागायला रस्त्यावर बसलेल्या बाईत हसण्यासारखं काय होतं हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही कळत नाही.

आमचं घर दारव्ह्याचं. आजोबा तहसिलीत होते, वडील तिथल्याच कोर्टात वकिली करत. आत्या ही वडिलांची मोठी बहीण. तिला बोरी अरबला शेतकऱ्याच्या घरी दिली आणि ती त्या घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त शेतकरी झाली. यजमान गेल्यावर वावर तिनेच सांभाळलं. तिचं घर अगदी सडकेला लागून. त्यामुळे शेतकरी चळवळीतली माणसं पत्रकांचे गठ्ठे तिच्या ओसरीवर टाकून जात. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले की ती दुपारी कापूस निवडत बसायची आणि मी तिला पत्रकं वाचून दाखवायची. 'हक्क', 'धिक्कार', 'उत्पादन खर्च' या शब्दांवर माझी जोडाक्षरं पक्की झाली. मी अडखळले की ती म्हणायची, "थांबू नको. राग आला की वाचनाऱ्यानं थांबाचं नसते."

ज्या वर्षीची ही केस, त्या वर्षी भाव पार कोसळला होता आणि सरकारी खरेदी केंद्र आज उघडते, उद्या उघडते असं चाललं होतं. कापूस भरलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, केंद्राबाहेर रांगेत उभ्या. बैल बंडीपाशीच बसून कडबा खात, माणसं कापसावरच झोपत. शेवटी बोरीच्या फाट्यावर रास्ता रोको ठरला. लोक जमले, घोषणा झाल्या, पोलीस आले. पोलीस आले की लोक बाजूला होतात हा नेहमीचा अनुभव. आत्याला तो मान्य नव्हता. तिने आपली भरलेली बंडी सडकेवर आडवी घातली, जू खाली ठेवलं, बैल सोडले आणि पलीकडच्या वावरातल्या बाभळीला नेऊन बांधले. मग परत येऊन बंडीच्या चाकाला टेकून बसली. बैलांशिवाय भरलेली बंडी हलवायची कशी, हे तिथे आलेल्या एकाही पोलिसाला सुचलं नाही. दोन्ही बाजूंना ट्रक, एसटी, जीपा यांची रांग लागली. संध्याकाळी सगळ्यांना गाडीत घालून नेलं आणि सोडून दिलं. मागे केस राहिली: बेकायदा जमाव आणि रस्ता अडवणं.

वकीलपत्र अर्थातच वडिलांनी घेतलं. भांडण सुरू झालं ते गुन्हा वाचून दाखवण्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी, आमच्या स्वयंपाकघरात. आत्या मुक्कामाला आली होती. वडिलांनी तिला समजावलं की न्यायाधीश विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तिने नाकबूल म्हणायचं.

"पन म्या अडोला ना रस्ता," आत्या म्हणाली.

"अडोला असशील. तरी नाकबूल म्हणाचं."

"म्हंजे खोटं बोलाचं. वकीलसाहेब, मायनं हेच शिकोलं का आपल्याले?"

वडिलांनी ताट बाजूला सारलं. "बाई, नाकबूल म्हंजे म्या केलं नाही असं नसते. नाकबूल म्हंजे, तुमी म्हणता ना गुन्हा हाये, तर दाखवा सिद्ध करून. ते काम त्यायचं हाये. तुयं नाही."

"त्यायले कायले तरास? मीच सांगतो."

मी तेव्हा नववीत होते आणि पूर्णपणे आत्याच्या बाजूने होते. मी म्हटलं, बाबा, ज्याला अभिमान वाटतो त्यानं नाकबूल का म्हणायचं? वडील माझ्याकडे वळले. ते कोर्टात कधी आवाज चढवत नसत, घरीही नाही. पण त्या दिवशी ते जे बोलले ते मला अजून शब्दशः आठवतं. ते म्हणाले, "सरकारजवळ पोलीस हाये, कागद हाये, पगारी वकील हाये, जेल हाये. तुया आत्याजवळ काय हाये? फक्त गप्प बसाचा हक्क हाये. तो बी तू आपल्या हातानं देऊन टाक म्हणतेस?"

इतक्या पत्रकांत हे कोणीच लिहिलं नव्हतं. आम्ही हक्क मागायचो ते भावाचे, पाण्याचे, विजेचे. गप्प राहण्याचा हक्क हाही कोणी तरी कधी तरी भांडूनच मिळवला असेल, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं.

आत्यावर मात्र त्याचा परिणाम झाला नाही. तिला पटलं ते वेगळ्याच कारणाने. वडिलांनी सांगितलं की तिने कबूल केलं तर बाकीचेही अडचणीत येतील, कारण सगळ्यांचा उद्देश एकच होता असं सरकारचं म्हणणं आहे. त्या बाकीच्यांत तिच्या शेजारचा एक म्हातारा होता, ज्याला ऐकू कमी यायचं आणि जो त्या दिवशी नुसता गर्दी बघायला थांबला होता. दुसऱ्या दिवशी कोर्टात आत्या नाकबूल म्हणाली. म्हणताना तिने असं तोंड केलं जसं कोणी तिला कडू काढा पाजला आहे.

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. ज्यांनी कोर्टाच्या तारखा पाहिल्या नाहीत त्यांना वाटतं की खटला म्हणजे भाषणं असतील. खटला म्हणजे कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसणं. सगळे आरोपी सकाळी बोरीहून एकाच काळीपिवळी जीपमध्ये कोंबून येत. प्रत्येकाची शिदोरी. लिंबाच्या पारावर धोतरं, लुगडी, पिशव्या पसरलेल्या. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कोणाकडे अंबाडीची भाजी. दुपारी पुकारा व्हायचा, सगळे आत जाऊन ओळीत उभे राहायचे, पुढची तारीख मिळायची, सगळे बाहेर येऊन चहा प्यायचे. साक्षीदार आला नाही, साहेब रजेवर, सरकारी वकिलांना दुसरीकडे काम. वर्षं गेली. आरोपींमध्ये दोन सोयरिकी जमल्या. बहिरा म्हातारा पुकाऱ्याला कधीच जागा व्हायचा नाही, म्हणून शेवटी पट्टेवाला स्वतः पारापर्यंत येऊन त्याला हात धरून न्यायला लागला. मी या सगळ्यावर चिडून लेख लिहायचे. विलंब हीच शिक्षा आहे, असं काहीसं. आत्या ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बराबर हाये. पन लिंबाची सावली बी लिही ना त्याच्यात."

मी यवतमाळला कॉलेजात होते तेव्हा एकदा साक्षीदार खरंच आला. म्हणजे आली. त्या तारखेला मी सुट्टीमुळे दारव्ह्यात होते आणि आत्याबरोबर पारावर बसले होते. कोर्टाच्या पायरीवर एक तरुण बाई एकटीच बसली होती. मांडीवर पर्स, पायात धुळीने भरलेल्या चपला, चेहरा उन्हाने उतरलेला. आत्याला कोणी उपाशी दिसलं की तिचं बोलणं मध्येच तुटतं. तिने तिथूनच हाक मारली.

"कोन्या गावची व माय तू?"

"राजूरची. वणीकडली."

"अव बाप्पा! इतक्या दुरून? जेवली का?"

"सकाळी चहा घेतला."

"चहानं काय होते? ये इकडं, बस."

ती थोडी संकोचली, मग आली. आत्याने भाकर मोडून दिली, वर चटणी, चटणीवर तेल. आरोपी क्रमांक सातने गुळाचा खडा दिला. बाईने आम्हाला सांगितलं की नवरा राजूरला कोळसा खाणीत आहे, लेकरू सासूजवळ ठेवून ती पहाटेच्या बसने निघाली. बोलायला चटपटीत होती.

"आन् कायले आली एवढ्या दूर?" आत्याने विचारलं.

"साक्ष हाये मायी. जुनी केस हाये. बोरीले लोकायनं रस्ता अडोला होता, त्याची."

पारावर सगळ्यांचे हात थांबले. क्रमांक सात उठून पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही. बाईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला कोणी तरी ऐकणारं भेटलं होतं.

"तवा मी इकडंच माहेरी होती. एसटीत होती, मावशी. यवतमाळले नर्सिंगची मुलाखत होती मायी. यादीत नाव लागलं होतं. समोर पाह्यलं तं एक बंडी आडवी, आन् बैलच नाही! कोन बाई होती कोनास ठाऊक, बैल सोडून बसली होती मस्त. म्या उतरून पोलिसाशी भांडली, मले जाऊ द्या म्हणून. त्यानं मले जाऊ तं देल्लं नाही, साक्षीदारात नाव टाकून घेतलं. मंग मी पायीच निघाली, पुढं एका मोटरसायकलवाल्यानं बसोलं. पोचली तं मुलाखत संपली होती. त्या बंडीवालीले म्या लय शिव्या देल्या, मावशी. आजून बी देतो."

"मायी होती ती बंडी," आत्या म्हणाली.

बाईने हातातली भाकर खाली ठेवली. आपण कोणाच्या ताटात जेवत होतो ते तिला आता दिसत होतं.

"तुमची?"

"हो."

"मंग तुमाले समजलं नाही का, मांगं बशी हाये, त्यात मानसं हाये?"

"माहीत होतं मानसं हाये. तू होती हे कोनी सांगतलं नाही."

"तुमी इचारलं का कोनाले?"

आत्याला कोणी असं विचारताना मी कधी पाहिलं नव्हतं. तहसीलदाराशी भांडणारी, ठाणेदाराला अरे-तुरे करणारी माझी आत्या खाली बघून म्हणाली, "नाही इचारलं."

मग तिने भाकर उचलून परत बाईच्या हातात दिली. "जेव. राग ठेव मनात, पन जेव. पोटाशी काय भांडन तुयं?"

आणि बाई जेवली, रागारागाने का होईना. चटणी मागून घेतली. तेवढ्यात वडील फाइल घेऊन आले. त्यांनी नव्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"ही कोन, बाई?"

"साक्षीदार हाये."

"कोनाची?"

"सरकारची."

वडिलांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ते आत्याला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, तू सरकारी साक्षीदाराले जेवू घातलं?"

"उपाशी होती."

"याले कायद्यात काय म्हणतात, माहीत हाये का तुले?"

"आमच्यात याले जेवन म्हणतात. तू जेवला का?"

पुकारा झाला. न्यायाधीश नवे होते, तरुण, कोल्हापूरकडून बदलून आलेले. त्यांना वऱ्हाडी समजायला थोडा वेळ लागायचा आणि ते न लाजता पुन्हा विचारायचे. राजूरची बाई साक्षीदाराच्या जागी उभी राहिली. सरकारी वकिलांनी विचारलं. तारीख? आठवत नाही. एसटीत होतात? हो. समोर काय दिसलं? बंडी. बंडीचा रंग? लाकडाचा. बंडीपाशी कोण होतं? बाई होती एक. ती बाई आज कोर्टात आहे का?

ती आमच्या ओळीकडे बघायला लागली. नजर आत्यावर येऊन थांबली. वडील टेबलाची कड धरून बसले होते.

"नाही ओळखू येत, साहेब. लय दिवस झाले."

सरकारी वकिलांनी सुस्कारा टाकला. त्यांच्यापुढे त्या दिवशी बऱ्याच केसेस होत्या. वडील अर्धे उठून म्हणाले, "उलटतपास नाही." त्यांना इतकं हलकं वाटलेलं मी क्वचित पाहिलं असेल. आणि नेमकं तेव्हाच आरोपींच्या ओळीतून आवाज आला.

"अव माय, खोटं काहून बोलून राह्यली तू? आत्ताच तं सांगतलं म्या तुले!"

सगळं कोर्ट वळलं. टायपिस्टची बोटं थांबली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुमचे वकील आहेत ना?"

"हाये. हा काय. मायाच भाऊ हाये."

"मग त्यांना बोलू द्या. तुमची बोलायची वेळ येईल तेव्हा मी स्वतः विचारीन. आता खाली बघा आणि गप्प उभ्या राहा." टायपिस्टकडे वळून ते म्हणाले, "पुढचा साक्षीदार."

ते वाक्य त्यांनी लिहून घेतलं नाही. घेता आलं असतं. मला तेव्हा राग आला की कोर्ट खरं ऐकायला तयार नाही. वडील मला नंतर म्हणाले, "त्या माणसानं तुया आत्याले आज वाचोलं. आरोपीचं तोंड सुटलं तं ते बंद करनं हे बी न्यायाधीशाचं काम असते. हे कोन्या पत्रकात येत नाही." मी उलट म्हटलं की ज्या जागेत खरं बोलायलाही वेळ ठरवून घ्यावी लागते त्या जागेला न्यायालय का म्हणायचं. आमचं हे भांडण अजून मिटलेलं नाही. मी अजूनही माझंच खरं मानते. फक्त आता त्यांचं ऐकून घेते.

बाहेर आल्यावर आत्याने राजूरच्या बाईला पायऱ्यांवरच गाठलं.

"काहून खोटं बोल्ली?"

"तुमची भाकर खाल्ली होती ना, मावशी."

"भाकर त्याच्यासाठी देल्ली नव्हती."

"मंग कायले देल्ली?"

"भूक लागली होती तुले!"

दोघी एकमेकींवर ओरडत होत्या आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. मग बाई एकदम थंड झाली आणि म्हणाली, "खोटं बोल्ली हे बराबर. पन खरं सांगू का? त्यायनं मले बंडीचा रंग इचारला. मायं काय झालं, हे त्यायनं बी इचारलं नाही, तुमच्या वकिलानं बी नाही. मंग मी कोनासाठी खरं बोलू?"

ती गेली. आत्या पायरीवर उभीच राहिली.

परतीच्या काळीपिवळीत मी आत्याची समजूत काढत होते. मला बोरीपर्यंत जायचं होतं, तिच्याकडेच मुक्काम होता. मी म्हटलं, आत्या, दोष तुझा नाही. केंद्र वेळेवर उघडलं असतं तर तू बंडी आडवी घातली असतीस का? नर्सिंगच्या जागा पुरेशा असत्या तर एका मुलाखतीवर कोणाचं आयुष्य अडलं असतं का? दोषी व्यवस्था आहे. मला यातलं प्रत्येक वाक्य खरं वाटत होतं, आजही वाटतं.

आत्याने सगळं ऐकलं. मग विचारलं, "बैल कोनं सोडले?"

"तू सोडलेस, पण..."

"व्यवस्थेनं सोडले का?"

"आत्या, तसं नाही ते."

"तसंच हाये, पोरी. सरकारचं सरकारजवळ. ते मी सोडनार नाही त्यायले. पन मायं मायाजवळ राहू दे ना थोडं. समदंच त्यायले देऊन टाकलं तं मायाजवळ काय राह्यते?"

मागच्या सीटवरून क्रमांक सात म्हणाला, "मले तं काईच नको देऊ बाप्पा, मी पानी प्यायले गेल्तो." सगळी जीप हसली. आत्याही हसली. पण त्या दिवसापासून ती त्या मुलीबद्दल बोलत राहिली. नर्सिंगचा अभ्यास किती वर्षांचा असतो, परत अर्ज करता येतो का, लग्न झालं तर घेतात का, हे ती मला पुन्हा पुन्हा विचारायची. मी चौकशी केली. तिचं वय निघून गेलं होतं.

मग आरोपींना विचारण्याची तारीख आली. सगळे साक्षीदार झाले की न्यायाधीश प्रत्येक आरोपीला विचारतात: तुमच्याविरुद्ध हा पुरावा आला आहे, यावर काय म्हणणं आहे? शेवटी विचारतात, आणखी काही सांगायचं आहे का? वडिलांनी सगळ्यांना पारावर बसवून तयारी करून घेतली. पुराव्याबद्दल म्हणायचं, खोटं आहे. आणखी काही म्हटल्यावर म्हणायचं, मला खोटं गुंतवलं आहे. बहिऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी ते कानात ओरडून पाठ करून दिलं. आत्यापाशी आले तेव्हा ते थांबले. हात जोडून उभे राहिले, खरोखर हात जोडून.

"बाई, केस सुटून राह्यली हाये. ओळख पटली नाही. काहीच उरलं नाही. एवढे वर्ष मी हे उभं केलं. आज फक्त दोन शब्द म्हण."

"तुले कमीपना येईन असं नाही बोलनार मी, भाऊ."

"मले कमीपना येऊ दे. तुया नावापुढं शिक्षा नको लागाले. मायच्या जागी हायेस तू मले."

त्यांच्या काळ्या कोटावर कापसाचा तंतू लागला होता, तो आत्याने काढून टाकला.

क्रमांक एक म्हणाला, खोटं आहे. क्रमांक दोन म्हणाला, खोटं आहे. आत्याला न्यायाधीशांनी विचारलं की साक्षीला आलेला एसटीचा कंडक्टर म्हणतो एका बाईने बंडी आडवी घातली, यावर काय म्हणणं आहे.

"बराबर म्हणते तो. बंडी मायी, बैल माये, अक्कल बी मायीच. बाकीच्यायले काहीच माहीत नव्हतं. ह्या बुढ्याले तं आजून बी माहीत नाही."

कोर्टात कोणी तरी हसलं. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"आणखी काही सांगायचं आहे?"

"हो. साहेब, तुमी म्हणले होते, माया बोलन्याची येळ आली की इचारान. रस्ता अडोला याचं मले काही वाटत नाही. उद्या बी भाव नाही देल्ला तं उद्या बी अडवीन. ती चुकी हाये असं तुमाले वाटत असन तं द्या शिक्षा. पन त्या बशीत एक पोट्टी होती. नर्सिंगले चाल्ली होती. माया बंडीनं तिची मुलाखत गेली. तिनं मायं काहीच बिघाडलं नव्हतं. त्याचं कोनतं कलम लावलं तुमी मायावर? मी समदं ऐकलं, त्यात ते नाही."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ते या केसचा भाग नाही, बाई. त्याचं कलम नाही."

"मंग माया जबाबात तरी लिहून घ्या."

मला वाटलं ते नाही म्हणतील. ते टायपिस्टकडे वळले आणि त्यांनी ते आपल्या स्वच्छ मराठीत हळूहळू सांगून लिहून घेतलं, की आरोपीचं म्हणणं असं की सदर बसमधील एका मुलीचं या घटनेमुळे नुकसान झालं आणि त्यास आरोपी स्वतःला जबाबदार समजते. मग विचारलं, "असंच ना?"

"असंच. तुमी चांगलं बोलता."

निकाल लागला तेव्हा बाकी सगळे सुटले. बेकायदा जमाव सिद्ध झाला नाही. आत्याला रस्ता अडवल्याबद्दल दोषी धरलं, तिचं स्वतःचं म्हणणं आणि कंडक्टरची साक्ष जुळत होती म्हणून. शिक्षा: कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे दिवसाचं काम संपून न्यायाधीश उठेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं.

सुटलेली माणसं लगेच घरी गेली नाहीत. पारावर बसून राहिली. आत्याला आत एका बाकावर बसवलं, शेजारी एक पोलीस. वडिलांचं त्या दिवशी दुसरं काम नव्हतं, तरी ते समोरच्या वकिलांच्या बाकावर बसून राहिले. माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं होतं की मला अभिमान वाटेल. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि बघत होते की माझ्या वडिलांच्या हाताला काही करायला उरलं नव्हतं.

आत्याचा मात्र तो दिवस भरगच्च गेला. चोरीला गेलेल्या मोटरपंपाची केस चालली, तेव्हा ती पुढे वाकून ऐकत होती. एका नवरा-बायकोच्या पोटगीच्या भांडणात तिने "असं कसं म्हणते हा मानूस" असं मोठ्याने म्हटलं आणि पोलिसाने तिला गप्प केलं. दुपारच्या सुट्टीत न्यायाधीश आत गेले तेव्हा ती पोलिसाला म्हणाली, "उठलं ना कोर्ट?" तो म्हणाला, "ते जेवाले उठलं, मावशी. तसं नाही चालत." वडिलांनी तिथेच त्याच्याशी वाद घातला की आरोपीला जेवायला बाहेर सोडता येतं की नाही. दोघांपैकी कोणालाच नक्की माहीत नव्हतं. शेवटी मी वडा आणून दिला आणि तिने बाकावर बसूनच खाल्ला.

संध्याकाळी न्यायाधीश उठले. सगळे उभे राहिले. जाताना त्यांनी आत्याकडे पाहून मान किंचित हलवली. पोलीस म्हणाला, "जा मावशी, झालं."

आत्या बाहेर आली आणि वऱ्हांड्याच्या पायरीवर बसली. ज्या पायरीवर राजूरची बाई उभी होती तीच का, हे मला सांगता येणार नाही. पारावरची माणसं पिशव्या उचलून जीपकडे निघाली होती. क्रमांक सात हाका मारत होता.

"चाल, बाई," वडील म्हणाले. "काळीपिवळी भरून राह्यली."

"जाऊ दे तिले."

"काहून?"

"साहेबानं शिक्षा देल्ली ती रस्त्याची झाली. पोट्टीची राह्यली."

वडिलांनी तोंड उघडलं. अशी कोणती तरतूद नाही, असं ते म्हणणार हे मला दिसत होतं. मग त्यांनी तोंड मिटलं. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, थोडा वेळ इंजिन चालू ठेवून ती थांबली, मग निघून गेली. शिपाई एकेक खिडकी लावत होता.

वडिलांनी कोट काढून घडी घातली, मांडीवर घेतला आणि तिच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "याच्यावर अपील करता येते, बाई. वरच्या कोर्टात."

"आन् त्या पोट्टीच्यावर?"

"त्याच्यावर नाही."

"मंग बस गुपचूप."

ते बसले. मग थोडे सरकले आणि मला जागा करून दिली.